पडणाऱ्यानं सोडायचं

तनुजानं त्या संध्याकाळी पलंगावरची गादी जमिनीवर ओढली, दाराआडची काठी घेतली आणि गादी बडवायला लागली. चारी कोपऱ्यांना एकेक फटका, मधे दोन. धूळ उडाली तशी मी स्वयंपाकघरातून म्हणाले, "अगं, काय करून राहिलीस?"

"मॅडम म्हणतात, आधी झाडायचं, मग वाकायचं."

काठी भिंतीला टेकवून तिनं पाय जुळवले, तळहात मांड्यांवरून खाली सरकवले आणि त्या रिकाम्या गादीपुढे कमरेतून वाकली.

माझे हात कणकेत होते, ते तसेच राहिले.

"कोण मॅडम?"

"ज्युदोच्या. मी सांगितलं होतं ना, जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये क्लास निघालाय म्हणून. तू वह्या तपासत होतीस, मान वर न करता हो म्हणालीस." ती आरशासमोर केसांचा रबर घट्ट करत होती. "जरा लंगडतात त्या. पण टाकतात काय भारी."

नाव विचारायची गरज नव्हती. गादी झाडायची ही रीत जगात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. ती आमच्या शेडची होती, तिथल्या विंचवांनी लावलेली. तरी मी विचारलं, आणि तनुजा म्हणाली, "शेवंता मॅडम."

हिंगोलीसारख्या गावात एक रस्ता टाळून आयुष्य काढणं अवघड नसतं. बाजाराला दुसऱ्या बाजूनं जाता येतं. शाळेत जाताना, मी शिकवते त्या शाळेत, थोडा वळसा पडतो, पण बायकांच्या वळशांची कुणी चौकशी करत नाही. नवरा एकदा गाडीवरून त्याच रस्त्यानं नेत होता तेव्हा मी म्हणाले, इथून नको, इथं कुत्री लागतात. त्यानं मुकाट्यानं गाडी वळवली. इतक्या वर्षांत मी त्या पत्र्याच्या शेडकडे मान वर करून पाहिलेलं नव्हतं, आणि माझी मुलगी आठवड्यातून तीन संध्याकाळी तिथं जाऊन पडत होती.

*

आमच्या वेळी ते जिनिंग अर्धं बंद, अर्धं चालू असायचं. दिवाळीनंतर जवळा बाजारच्या बाजूनं कापसाच्या गाड्या यायला लागल्या की पलीकडच्या भागात यंत्रांची घरघर सुरू व्हायची, आणि आमच्या बाजूच्या रिकाम्या शेडमध्येही हवेत बारीक पांढरं काहीतरी तरंगत राहायचं. केसांत बसायचं, पापण्यांवर बसायचं. सरकीचा तेलकट, थोडा कडवट वास कपड्यांना लागायचा तो धुऊनही जायचा नाही. आई म्हणायची, ही पोरगी घरात आली की बैलाची आठवण येते.

मॅट वगैरे आम्ही पाहिलेली नव्हती. खाली कुटार, म्हणजे पिकाचा भुसा, पसरलेलं, त्यावर खराब कापसानं भरलेली पोती एकमेकांना शिवलेली, आणि सगळ्यावर एक भलीमोठी ताडपत्री, कडेनं सुतळीनं खुंट्यांना ताणून बांधलेली. थंडीत ती पाठीला बर्फासारखी लागायची. उन्हाळ्यात तिला डांबराचा वास सुटायचा. पावसाळ्यात खालचं कुटार कुबट व्हायचं आणि आमचे ड्रेस चार-चार दिवस वाळायचे नाहीत. ओला जाड कापडाचा ड्रेस अंगात घालताना जो शहारा यायचा तो मला अजून कधी कधी शाळेत फळ्यासमोर उभी असताना येतो. कुटारात विंचू असायचे. म्हणून रोज दोघांनी काठ्या घेऊन सगळी गादी बडवायची, ताडपत्रीच्या कडा उचलून बघायचं, आणि मगच सर पुढे उभे राहून म्हणायचे, "रेई." म्हणजे वाकायचं. आधी जागेला, मग सरांना, मग समोरच्याला.

सर डोंगरकड्याचे. सैन्यातून परत आलेले, तिथंच शिकलेले. त्यांच्या बोलण्यात मराठी कुठं संपते आणि हिंदी कुठं सुरू होते ते त्यांनाही माहीत नसावं. सुरुवातीचे कितीतरी महिने त्यांनी आम्हाला कुणाला कसं पाडायचं ते शिकवलंच नाही. नुसतं पडायला लावलं. बसून पडा, उकिडवं पडा, उभ्यानं पडा. हनुवटी छातीला, आणि अंग जमिनीला लागतं त्याच क्षणी मोकळ्या हाताचा सपाटा ताडपत्रीवर. पोरं कंटाळायची. सर म्हणायचे, "जमीन दुश्मन न्हाई बेटा. हातानं तिला सांगायचं, मी येऊन राहिलो. सांगून आलेल्याला ती मारत न्हाई."

आणि दुसरं एक सांगायचे, ते रोज. "टाकणाऱ्यानं सोडायचं न्हाई. पडणाऱ्यानं सोडायचं." म्हणजे असं, की जी पाडते तिनं समोरचीची एक बाही शेवटपर्यंत ओढून धरायची, म्हणजे तिचं डोकं जमिनीवर आपटत नाही. आणि जी पडते तिनं आपल्या दुसऱ्या हातातली पकड सोडून द्यायची, तो हात जमिनीसाठी मोकळा करायचा. पडणारी धरून बसली तर दोघी वेड्यावाकड्या कोसळतात, आणि कुणाचं काय मोडेल ते सांगता येत नाही.

ज्युदो नम्रता शिकवतो, असं आमच्या शाळेतल्या कार्यक्रमांत पाहुणे हल्ली सांगतात. मी हार द्यायला बाजूला उभी असते आणि माझी नजर आपोआप माझ्या डाव्या हाताच्या बोटांवर जाते. नम्रता मनात असते असं ते म्हणतात. मला वाटतं ती बोटांत असते. ऐन वेळी बोटं उघडतात की नाही, एवढंच.

*

माझ्या वडिलांना हे वाकणं खपलं नाही. ते शिंपीकाम करायचे. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, मशीनच्या वर भिंतीला निळ्या कोटातली तसबीर, आणि तिच्याखाली दिवसभर त्यांची वाकलेली पाठ. पण ती कामापुरती. माणसासमोर ते कायम ताठ. मी घरी तो नमस्कार करून दाखवला त्या दिवशी त्यांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"आपल्या आज्यानं लई वाकून काढलं," ते म्हणाले. "तुला न्हाई वाकायचं कुणापुढं. उद्यापासून बंद."

दुसऱ्या दिवशी ते मला काढून न्यायलाच शेडवर आले. दारात उभे राहिले. गादीवर त्या वेळी तहसीलातल्या एका साहेबांचा मुलगा आणि शेवंता समोरासमोर होते. शेवंता नरसीच्या पुढच्या तांड्यावरची. सायकलीवर यायची, हँडलला भाकरीचं फडकं बांधलेलं. तो गोरागोमटा पोरगा आणि ती काळीसावळी, रुंद खांद्यांची मुलगी एकाच वेळी एकमेकांसमोर वाकली, एकाच वेळी उठली. वडील दाराशी उकिडवे बसले. गिऱ्हाइकाचं माप डोळ्यांनीच घ्यायची त्यांना सवय होती. तसं डोळे बारीक करून ते बघत राहिले. एक जोडी झाली, दुसरी, तिसरी.

मग सरांना म्हणाले, "हे दोघंबी बराबर वाकले."

"बराबरच वाकायचं असतं," सर म्हणाले. "कमी वाकला तर पुन्हा वाकायला लावतो. जास्त वाकला, तरीबी."

घरी जाताना सरांच्या अंगातला तो फाटका ड्रेस वडिलांनी नमुन्याला मागून घेतला. मग कित्येक दिवस आमच्या मशीनवर जाड मांजरपाट दुहेरी करून शिवला जात होता. गळपट्टीवर शिलाईच्या रांगाच रांगा. बाही खांद्याला जोडताना ते तीनदा फिरवायचे आणि दोन्ही हातांनी हिसका देऊन बघायचे. शेवंताला तिचा ड्रेस देताना म्हणाले, "कापड फाटंल पोरी, शिलाई सुटणार न्हाई."

"मी पोलीस झाले की खाकीबी तुमच्याकडूनच शिवून घेणार, काका," शेवंता म्हणाली. ती रोज पहाटे नरसीच्या रस्त्यावर पळायची. भरतीसाठी. तिच्या तांड्यावरचे लोक म्हणायचे, ह्या पोरीच्या मागं कुत्रं लागलं का काय रोज. ती म्हणायची, कुत्रं मागं न्हाई, पुढं हाये, मी त्याला धरून राहिले.

मी वाकायला शिकले. चांगली शिकले. पडायला मात्र मी शिकले नाही, आणि हे माझ्याशिवाय फक्त एकीला माहीत होतं, कारण मी तिच्याच हातानं पडायची. आमची वजनं सारखी होती म्हणून सरांनी जोडी लावलेली. सरांच्या हुकुमानं एकटी पडताना माझं सगळं ठीक असायचं. पण कुणी समोर उभं राहून मला खाली घेऊन जातंय म्हटलं की माझा डावा हात तिच्या बाहीला घट्ट व्हायचा. लागण्याची भीती नव्हती. खाली पडल्यावर वर उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे दिसतात, त्यांची भीती होती. आमच्या घरात 'पडायचं नाही' हे एवढ्या वेळा, एवढ्या मायेनं सांगितलं गेलं होतं.

"सोड की गं," शेवंता कानाशी म्हणायची. "लोचट गोचिडीवानी काय धरती." आणि हळूच, सरांना कळू न देता, मला सावरून घेत खाली ठेवायची. पाडायची म्हणण्यापेक्षा ठेवायचीच. त्यामुळे माझी खोड लपून राहिली.

*

सव्वीस जानेवारीला आम्ही शाळेच्या मैदानावर प्रात्यक्षिक दाखवलं. आमची सगळी गादी बैलगाडीतून तिथं नेलेली. थंडी होती, ताडपत्रीवर दव पडलेलं. सरांनी उजाडायच्या आधी येऊन ती पुसून काढली होती. लाऊडस्पीकरवर गाणी, झेंड्याच्या दोरीतून सुटलेल्या झेंडूच्या पाकळ्या, पोरांच्या हातातल्या लाडूंचा तुपाचा वास. वडील पहिल्या ओळीत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. आजूबाजूच्यांना ते सांगत होते की हे सगळे ड्रेस त्यांनी शिवलेत.

आम्ही दोघी वाकलो. बराबर.

ठरलेलं होतं ते एवढंच, की ती मला कमरेवर घेऊन टाकणार आणि मी पडणार. शेकडो वेळा केलेलं. तिनं वळून मला उचललं, माझे पाय जमिनीवरून सुटले, आणि त्या उलट्या होत जाणाऱ्या मैदानात मला माझ्या वडिलांचा चेहरा दिसला. एवढंच झालं. मी तिची बाही धरली. आणि नुसती बाही धरून थांबले नाही, हे मला आज लिहायचं आहे. मी माझा पाय तिच्या पायाभोवती अडकवला. हे मी शिकलेलं होतं, ते पडू नये म्हणून करायचा उपाय आहे, आणि मी ते कळून केलं.

बाही फाटली असती तर सगळं वाचलं असतं. ती फाटली नाही. माझ्या वडिलांनी शिवलेली होती.

आम्ही दोघी एका गाठोड्यासारख्या तिच्या गुडघ्यावर कोसळलो. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज आला. गाणी चालू होती तरी मला तो आला. आणि मी तिच्यावर आडवी पडलेली असताना माझं डोकं जमिनीपासून वीतभर वर तरंगत होतं, कारण शेवंतानं माझी दुसरी बाही धरून ठेवली होती. तिचा पाय तिच्याखाली नको त्या बाजूला वळलेला होता, तोंड राखेसारखं झालेलं होतं, आणि हात सुटलेला नव्हता.

सर धावत आले. "कसं झालं? कसं झालं बेटा?"

मी तोंड उघडलं असेन. पण शेवंता आधी बोलली. "पाय घसरला, सर. ओलं व्हतं."

सरांनी ताडपत्रीवर तळहात फिरवला. मग तो तळहात उलटा करून बघितला. त्यांचा तो बघतानाचा चेहरा मी कुणाला सांगू शकणार नाही.

घरी जाताना वडील माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. त्या पोरीचं वाईट झालं म्हणाले, दोनदा म्हणाले. मग थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं, "पण माझी लेक पडली न्हाई."

शेवंताला नांदेडला नेलं. शेड बंद झाली. त्या दिवसांत एकदा मी सगळं सांगायचं ठरवून सरांकडे गेले. त्यांनी ताडपत्री उन्हात पसरली होती आणि गुडघ्यांवर बसून ते ती कोरड्या फडक्यानं पुसत होते. कडक ऊन. ती वाळून कोळ झालेली. तरी पुसत होते. मला बघून ते उठले, आणि माझ्यासमोर, सोळा-सतरा वर्षांच्या पोरीसमोर, वाकले.

"माफ कर बेटा. तुझ्या जोडीदाराला माझ्याच्यानं तकलीफ झाली. दव राहून गेलं."

मी म्हणाले, "असू द्या, सर."

ते पुढं गावी निघून गेले आणि बऱ्याच वर्षांनी वारल्याचं कळलं. माझ्याकडून त्यांना मिळालेले शेवटचे शब्द हे एवढेच आहेत.

*

त्या गादी झाडण्याच्या संध्याकाळनंतर मी तनुजाला क्लासला जाऊ नको म्हणू शकले असते. त्याला कारण सांगावं लागलं असतं. म्हणून मी तिला सोडायला जायला लागले. शेडच्या बाहेर, भिंतीकडे पाठ करून, ओढणी कपाळापर्यंत घेऊन दगडावर बसायची. पत्रे तेच, आता निळा रंग दिलेला. आत बहुधा खरी मॅट होती. सरकीचा वास नव्हता, नव्या रबराचा होता. आतून काठीचे फटके ऐकू यायचे, मग क्षणभर शांतता, म्हणजे सगळ्या वाकल्या. मग धप, धप.

मी नुसत्या कानांनी बघत होते. चांगलं पडणं दोन आवाजांचं असतं, अंगाचा धप आणि हाताचा सपाटा, एकमेकांत मिसळलेले. एक पोरगी पडली, बरोबर. दुसरी पडली, बरोबर. मग एक आवाज आला नुसता अंगाचा, बोथट, आणि त्यापाठोपाठ दुसऱ्या अंगाचा. हाताचा आवाजच नव्हता. मला आत बघावं लागलं नाही. असं पडणारं माझ्या माहितीत एकच माणूस होतं, आणि ते बाहेर दगडावर बसलेलं होतं.

मग रोज मी तेच ऐकत राहिले. दर वेळी त्या बोथट आवाजानंतर तुराटी मोडल्याचा आवाज येतो का, म्हणून श्वास धरून. रात्री तनुजा झोपेत कूस बदलायची तरी माझे डोळे उघडायचे.

एका संध्याकाळी दाराशी पावलांचा आवाज आला. एक पाय टेकतो, दुसरा ओढत येतो.

"आत ये," शेवंता म्हणाली. "भाइर बसून काय राखण करून राहिली? म्हशी न्हाईत आत."

मी ओढणी खाली केली. ती भरली होती, केस कपाळापाशी पांढरे झाले होते. काळा पट्टा कमरेला सैलसा.

"मला पहिल्याच दिवशी कळलं, ही तुझी हाये," ती म्हणाली. "तोंड नवऱ्याचं असंल. पडणं तुझं हाये. धरून बसती. परवा एका बारक्या पोरीला घिऊन पडली. पोरगी वाचली. दर येळी वाचती असं न्हाई, तुला सांगायची गरज न्हाई."

"तिला काढून घेते मी," मी म्हणाले.

"काहून? पळून जायाला? तू लई पळली, कुठं पोचली?" ती दाराच्या चौकटीला टेकली, दुखऱ्या पायावरचं वजन काढून. "तिला सांगून थकले मी. अंगाला सांगून कळत न्हाई, दाखवावं लागतं. सगळ्या पोरी गेल्या की तू आत ये. माझ्या हातानं पड. तिच्यासमोर."

"मी? ह्या वयात? आणि तुझा पाय..."

"एका पायावर टाकते मी तुला. पण तू धरून बसलीस तर दुसराबी जाईल. म्हणून सांगून राहिले, धरू नको." आणि हसली. तिचा एक दात वाकडा होता, तो अजून तसाच.

मुली एकेक करून गेल्या. पत्र्याच्या फटींतून उतरतं ऊन निळ्या-पिवळ्या मॅटवर पट्ट्यापट्ट्यांनी पडलं होतं. तनुजा कडेला मांडी घालून बसली होती, तिला वाटत होतं आईची आणि मॅडमची जुनी ओळख निघाली म्हणून गंमत होणार आहे. मी पंजाबी ड्रेसवर शेवंतानं दिलेलं जाड जॅकेट चढवलं. गाठ मारताना पट्टा दोनदा सुटला. खरी भीती पडण्याची नव्हती. आधी जे बोलायचं होतं त्याची होती. सरांना सांगितलं नाही ते एका तेरा वर्षांच्या पोरीला सांगायचं होतं, आणि ती माझ्याकडे कशी बघेल ते मला माहीत नव्हतं.

मी सांगितलं. झेंडावंदन, बाही, पाय. पाय मी कळून अडकवला, तेही. सर ताडपत्री पुसत होते, तेही. बोलताना मी तनुजाकडे बघू शकले नाही, मॅटच्या दोन रंगांच्या मधल्या फटीकडे बघत होते.

मग तनुजा म्हणाली, "मॅडम, तुमी तेव्हा खोटं काहून बोललात?"

"खरं बोलले असते तर सरांनी हिला काढलं असतं," शेवंता म्हणाली. "मग माझ्या वजनाची दुसरी कोण व्हती? मला काय ठावं, गुडघा कायमचाच गेला म्हणून. मला वाटलं चार दिसांत उभी राहीन आन हिला पुन्हा आपटीन." ती थांबली. "मग कळलं, तवा राग आला. दोन वरीस मी हिला मनात रोज आपटलं. भाकरी थापताना सुदिक."

"आणि तू? तू सॉरी म्हणालीस?" तनुजानं मला विचारलं.

"नाही."

"अजूनपण नाही?"

मी शेवंताकडे वळले. तिनं हात वर केला. "आता नको. आता गुडघ्याला कमी ऐकू येतं. पडून दाखव."

आम्ही समोरासमोर उभ्या राहिलो. वाकलो. मी जास्त वाकले असणार, कारण ती म्हणाली, "जास्त झालं. पुन्हा." मी पुन्हा वाकले.

तिनं माझी उजवी बाही धरली. मी डाव्या हातानं तिची. ती दुखऱ्या पायाला सांभाळत हळूच वळली आणि मी तिच्या कमरेवर आले. तोच खांदा, तीच उलटी होत जाणारी जागा. माझी बोटं आवळली. मला ती आवळताना कळली, हे मी कबूल करते. भीतीनं ती माझं ऐकेनात. त्या अर्ध्या क्षणात मला फक्त तिचा चांगला पाय दिसत होता, माझ्या पायाच्या अगदी जवळ. मी डोळे मिटले नाहीत. एकेक बोट सोलून काढल्यासारखं मी ते बाहीवरून काढलं.

मॅट पाठीला लागली. हाताचा सपाटा बसला, थोडा उशिरा, पण बसला. श्वास अडकला. वर पत्रे, पत्र्यांच्या वर कबुतरं. बाजूला शेवंता उभी होती, दोन्ही पायांवर, आणि वाकून माझी बाही धरून होती.

"म्हातारी झालीस," ती धापा टाकत म्हणाली. "पण पडली."

मी उठून बसले तर तनुजा मॅटवर आली होती. तिचे ओठ पांढरे होते. पट्टा आवळून ती शेवंतासमोर जाऊन उभी राहिली.

"माझ्यासमोर न्हाई," शेवंता म्हणाली. "आईसमोर."

मी म्हणाले, मला जमणार नाही, मी कुणाला टाकून इतकी वर्षं झाली. शेवंतानं ऐकलं नाही. कंबर कुठं लावायची, पाय कुठं ठेवायचे, तिनं मला नुसतं वळून दाखवायला लावलं, पुन्हा, पुन्हा, माझ्या अंगाला आठवेपर्यंत. मी आत्ताच तनुजाला सांगितलं होतं की तिची आई कोणत्या प्रकारचं माणूस आहे, आणि आता त्याच माणसाच्या हातात तिला स्वतःला द्यायचं होतं.

ती वाकली. मी वाकले. तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावरून हलले नाहीत.

मी तिची उजवी बाही धरली. तिनं डाव्या हातानं माझी धरली, घट्ट. नखं कापडातून मला लागत होती. मी वळले. ती हलकी होती, मला वाटलं होतं त्यापेक्षा किती हलकी. तिचे पाय जमिनीवरून सुटले आणि माझ्या बाहीवर तिचं सगळं वजन लोंबकळलं. मी मनात काही म्हणाले नाही, कुणाला हाक मारली नाही. नुसती थांबून राहिले त्या वजनाखाली, भीतीनं गार पडलेली.

मग बाहीवरची नखं निघाली. त्या हातावर काहीच उरलं नाही. दुसऱ्या हातात मात्र ती सगळीच्या सगळी होती, खाली जाणारी, आणि तो हात मी सोडला नाही.